कार्डाच्या मागचं नाव

७ फेब्रु., शनि.
रास अल खैमाला जाऊन आलो. दादा जाऊन चाळीस दिवस झाले. त्याचं फॅक्टरीचं हेल्मेट अजून दाराशीच. वहिनी पुढच्या आठवड्यात कायमची पुण्याला. निघताना पत्र्याचा डबा हातात दिला. "भावजी, हा तुमच्या दोघांचा." पुढे तिला बोलवेना. आत च्युइंगगमवर मिळायची ती क्रिकेटची कार्डं. शंभरेक.
सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आजारी आहे कळलं तेव्हा म्हटलं, शनिवारी जाऊ. बुधवारी गेला.

८ फेब्रु.
चिंचवडचा आमचा नियम : कार्ड जिंकलं की मागचं आधीचं नाव खोडायचं, खाली आपलं लिहायचं. पेनने. म्हणून पाठीवर कुठे सुधीर, म्हणजे मी, खोडून दादाचं सुहास, कुठे सुहास खोडून मी. आईने मात्र आमच्या वाट्यांवर नुसतं 'सु' घालून आणलेलं. "कुठलीही घ्या, भांडू नका." शहाणी बाई.
डावखुऱ्या बॅट्समनचं कार्ड उलटून पाहिलं नाही. ते दादाने जिंकलंच नव्हतं. मी तापाने पडलेलो, तेव्हा माझ्या दप्तरातून काढून आपलं नाव घातलं. आई गेल्यावर जोरात वाजलं आमचं, तेव्हा हेही उकरून काढलं मी. चाळिशीचा घोडा! लाज वाटते. राग मात्र आहे तिथेच आहे.

११ फेब्रु.
डबा घरात नको झालाय. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने दुबई मरीनात एका संग्राहकाकडे गेलो. नमुन्याला चार कार्डं नेली. चिमट्याने उचलली, पुढून बघून खूश. उलटली आणि चेहरा पडला.
"पीछे लिखा क्यों? किसी प्लेयर का साइन होता तो बात अलग थी. ये सुहास कौन है?"
म्हटलं, "कोई नहीं."
"नाम निकल जाए तो ले आना, हबीबी."
लिफ्टमध्ये सुचलं. 'भाई' म्हणायला काय झालं होतं मला?

१३ फेब्रु.
स्पिरिट, कापूस, बाल्कनी. इरा शाळेतून आली, बघत उभी राहिली. "बाबा, डोन्ट. दॅट्स द ओन्ली इंटरेस्टिंग पार्ट." पंधरा वर्षांची पोर, तिला काय कळतंय! ऐकलं नाही.
डावखुरा शेवटी. त्याचं अक्षर बघायचंच नव्हतं. समोरच्या बिल्डिंगकडे बघत बोळा घासला, दोनदा, जोर लावून. खलास. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१४ फेब्रु., शनि.
वहिनीला एअरपोर्टला सोडलं. चेक-इनच्या लाइनीत म्हणाली, "डबा बघितलात ना? त्या दिवशी सांगायचं राहिलं. हॉस्पिटलात मागवून घेतला होता त्यांनी. पेन मागितलं. हात थरथरत होता, तरी त्या डावखुऱ्याच्या कार्डामागे काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. म्हणाले, सुध्याला दे, त्याला कळेल."
मी तिच्या बॅगेचा पट्टा आवळत राहिलो.
"काय लिहिलंय हो?"
"वहिनी, लाइन पुढे गेली."
तिची बॅग मीच पुढे ढकलली.
पार्किंगमधून कसा निघालो आठवत नाही.

१५ फेब्रु.
सकाळपासून कार्ड खिडकीशी तिरकं धरून बसलोय. शाई गेली, पेनाचे वळ थोडे आहेत. वर एक खोडलेलं नाव, ते माझं. त्याखाली 'सु'. पुढचा कागद मीच सोलून काढलाय. हा 'सु' तेव्हाच्या सुहासचा, की हॉस्पिटलात लिहिलेल्या सुधीरचा? की 'सुध्या' म्हणून पुढे काही लिहिलं होतं? हात थरथरत होता म्हणे. चौथीतही त्याचं अक्षर तसंच होतं.
इराने मोबाइलचा टॉर्च धरला. "सु व्हॉट, बाबा?"
वहिनीचा मेसेज : पोचले. काय लिहिलं होतं ह्यांनी?
'सुधीर' टाइप केलं. अजून पाठवलेलं नाही.