छत गळत नव्हतं

सातारा, ४ फेब्रुवारी १९९६

ती. हरीकाका यांस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

काकूचा गुडघा कसा आहे? इथं मी एरियलसाठी आईची कपडे वाळवायची तार पळवली, म्हणून घरात माझ्या नावाने शंख चालू आहे.

आता भांडणाचं. गेल्या रविवारी आपल्या हौशी रेडिओ मंडळाच्या सभेला माणहून आपला सभासद सिद्धू आला. ज्या संस्थेच्या वरच्या खोलीत आपण भरतो, तिच्या व्यवस्थापकाने जिन्यातच त्याची जात विचारली आणि खाली पायरीवर बसवलं. मी बोलायला उठले, तर तुम्ही अध्यक्ष म्हणून बजावलंत, मंडळ तांत्रिक आहे, राजकारण नको. रेडिओवर राजकारण बोलायचं नाही, हा नियम मी पाळते. पण सिद्धूला जिन्यात अडवलं, ते राजकारण नव्हतं? दर रविवारी रेडिओवर सभासदांची हजेरी घेता, तेव्हा त्याचा आवाज चालतो, मग पाय का चालत नाहीत? ठराव करा: एकाही सभासदाला मज्जाव असेल तिथं मंडळाची सभा नाही.

लोभ आहेच, तो भांडणासकट ठेवावा.
क्षमा

सांगली, १० फेब्रुवारी

चि. क्षमास अ. उ. आ.

काकू बरी आहे. तुझं पत्र वाचून म्हणाली, पोरगी तोफ आहे.

अगं, ठराव केला तर नऊपैकी तिघं-चौघं जातील, संस्थेच्या गच्चीवरची आपली एरियलही जाईल. पुरात निरोप पोचवणारं मंडळ टिकायला हवं ना? मी मार्ग काढलाय. अठराची सभा आमच्या घरी. 'संस्थेचे छत गळत असल्याने' अशी कार्डं सर्वांना टाकली. कुणाचं मन दुखायला नको.

राग गिळून यावे.
हरीकाका

सातारा, १४ फेब्रुवारी

ती. काका, सा. न.

माघात छत गळतं? सगळ्यांची मनं सांभाळलीत, एक सिद्धूचं सोडून. खोट्या कारणाच्या सभेला मी येणार नाही. मंडळाच्या सभेच्या वहीत खरं कारण लिहा, मग बोलवा.

तुमचीच, म्हणून हट्टी,
क्षमा

सांगली, १९ फेब्रुवारी

चि. क्षमास अ. उ. आ.

काल सकाळी वही आणायला संस्थेत गेलो, तर त्याच पायरीवर सिद्धू. शेजारी डांबराचा डबा. कार्ड वाचून पहाटेच्या एसटीने छत बुजवायला आला होता. म्हणाला, "आवं काका, गळतंय कुठं तेवढं दावा. जिन्यानं न्हाई सोडलं तर भायेरनं शिडी लावतो."

त्याला खरं सांगताना माझी मान वर होईना. त्याने एवढंच विचारलं, की मग खरं का न्हाई लिवलं.

ठराव मीच मांडला, तुझ्या शब्दांत, कारणासकट. पाच विरुद्ध तीन. तिघं राजीनामा देऊन गेले. त्यात नानासो होता, शाळेपासूनचा दोस्त. पोहे तसेच टाकून गेला.

दुपारीच एरियल उतरवली. आमच्या गच्चीत खांब रोवला, बुडाशी सिद्धूचंच डांबर ओतलं. अजून ओलं आहे, वारा आला की खांब हलतो.

येत्या रविवारची हजेरी सिद्धू घेणार आहे. तुझं नाव पहिलं पुकारेल. तार आईला परत दिली असलीस, तर पुन्हा पळव.

हरीकाका