दुखत नसलेल्या पोटाची हकिकत

ती. अक्काच्या पायांशी धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकताना गुडघा वाजला. पत्रात ऐकू येणार नाही म्हणून लिहून कळवतो.)

तुझी साखर, भावोजींचा खोकला आणि तुमच्या जिन्याचा तो हलणारा कठडा, तिन्ही ताब्यात असोत असं रोज देवाजवळ मागतो. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. ही पद्धत चांगलीच आहे, फक्त तिच्यात माझं सांगायचं राहून जातं. शिवाय हातात आलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय तू कुणाशी चकार शब्द बोलत नाहीस, हा तुझा जुना शिरस्ता मला ठाऊक आहे. त्याच भरवशावर लिहितो. पत्र कुणी आणून दिलं तिकडे तूर्त बघू नकोस, नजर कागदावर ठेव. आणि बसून वाच.

तर गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, "आज थोडं खोटं बोलणार आहे, तेवढं पदरात घे" असं सांगितलं, गिरणीला कुलूप घातलं आणि दोन्ही हातांनी पोट धरून रस्त्याला लागलो. पोटाला काहीही झालेलं नव्हतं. मागून पाण्याची बाटली घेऊन सून. अक्का, सुनेला दिवस गेलेत. दुसरा महिना आहे.

ही बातमी मला तुझ्या भावजयीनं गिरणीत येऊन दिली. गिरणी चालू असली की तिथे गुपितही ओरडूनच सांगावं लागतं, आणि ओरडायची तर तुझ्या नियमानं बंदी. म्हणून तिनं खुणा केल्या. घराकडे बोट दाखवलं, पोटावरून हात गोल फिरवला, मग दोन्ही हातांत काहीतरी धरून हलवलं. मी मान डोलावली आणि पिठाचं एक पोतं उचलून घरी नेऊन ठेवलं. (यावर ती जे बोलली त्याला मात्र नियम आड आला नाही.)

आता नियमाचं. तीन महिने भरेपर्यंत उंबऱ्याबाहेर शब्द जाता कामा नये, हे तू घातलेलं बंधन. गेल्या वर्षी आम्ही ते इतकं कसोशीनं पाळलं की आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनाही कळलं नाही. पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. किती तरी दिवस पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि मी ओट्यावर बसून तिच्या नावानं जप करायचो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. नंतर नर्सबाई मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी चाहूल लागली की लगेच आणायचं. तुमचे तीन महिने मला सांगू नका." म्हणजे वरचा दगड त्या, खालचा दगड तू, आणि मधे मी. गिरणी चालवण्यात जन्म गेला, पण धान्याला काय वाटत असेल ते या वर्षी कळलं.

तोड तुझ्या भावजयीनं काढली. दोन बायका आरोग्य केंद्राकडे निघाल्या की त्या पोचायच्या आत बातमी पोचते. तिचे स्वतःचे गुडघे तर रिक्षात चढूही देत नाहीत. मुलगा लांब रस्त्याच्या कामावर, तो फोनवर फक्त "बाबा, जपून" म्हणतो. पण पन्नाशीचा माणूस पोट धरून चाललाय आणि सून सोबतीला आहे, यात कुणाला काय दिसणार? बेत चोख होता. फक्त कोणती बाजू दुखते ते ठरवायचं राहिलं. न्हाव्यानं दुकानातूनच विचारलं, "कुठल्या अंगाला?" मी म्हणालो, "दोन्ही." तो म्हणाला, "मग अवघड आहे," आणि समोरच्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून मला रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षावाल्यानं माझी दशा पाहून गाडी अशी पिटाळली की मागे सून खड्ड्याखड्ड्यांत उडायला लागली. शेवटी मला सांगावं लागलं, की माझं दुखणं वेगळ्या जातीचं आहे, हळू नेलं की थांबतं.

केंद्रात पोचलो आणि घात झाला. मी सोंग फार मनापासून केलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, मी ओरडलो. त्यांनी दुसरीकडे दाबलं, तिथेही ओरडलो, न्हाव्याला दोन्ही बाजू सांगून बसलो होतो ना. त्यांचा चेहरा गंभीर झाला. मला आडवं करून सलाईन लावलं ते पार दिवे लागेपर्यंत. नर्सबाई दोन केंद्रं सांभाळतात, त्या दुपारीच दुसऱ्या गावी निघून गेल्या. सून बिचारी माझ्या उशाशी बसून मला वारा घालत राहिली. जिला तपासायला नेलं ती उपाशी, आणि मी बाटलीभर औषध पिऊन घरी.

दुसऱ्या दिवसापासून घरी रीघ लागली. कुणी काढा आणला, कुणी आपल्या मेलेल्या चुलत्याच्या पोटाची गोष्ट. (चुलत्याचीही दोन्ही अंगं दुखत होती म्हणे.) तेही सोसलं असतं. पण देवळातून येता येता शेजारीण म्हणाली, "भाऊ, तुमच्या पोटासाठी आज सगळ्यांनी हात जोडले," आणि मी हातातला काढा तसाच खाली ठेवला. अक्का, धडधाकट पोटासाठी एवढी माणसं देवाला भीड घालतात, ते सगळं जातं कुठे? मी रात्री देवाला म्हटलं, माझ्या नावावर जे जे आलं असेल ते सुनेच्या नावावर कर, माझी हरकत नाही. तो पत्र वाचतानाच्या तुझ्यासारखा आहे, शेवटपर्यंत ऐकून घेतो.

काल पुन्हा गेलो, या वेळी बेतानं कण्हत. बाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, सगळी माझ्या वयाची, सगळ्यांचे हात पोटावर. आणि अक्का, प्रत्येकाच्या शेजारी एक तरणी पोर, हातात पाण्याची बाटली. मी तरीही काही ओळखलं नाही, साथ आली असेल असं वाटलं. तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या आणि नेहमीच्या सवयीनं ओरडल्या, "पोटदुखीवाले बाहेरच बसा. सोबतीला आलेल्या आत या." पोरी उठून आत गेल्या. बाकावरचं कण्हणं थांबलं. एकानं पेपर उघडला.

शेजारच्या जाड्या गृहस्थांनी विचारलं, "नवीन दिसता?"

"दुसरी खेप."

"मग मागच्या खेपेला काय केलंत?"

"सलाईन घेतलं."

ते इतके हसले की त्यांना खरंच पोट धरावं लागलं. "अहो, एवढं मनावर घ्यायचं नसतं. माझं हे तिसरं अपेंडिक्स. तीन सुना आहेत."

मी हसणार तोच आतून मला हाक आली. नर्सबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, गोळ्या आजपासून सुरू. पण गेल्या वर्षीचं पाहता सोनोग्राफी लगेच हवी. केंद्रातलं मशीन झाकून ठेवलंय, त्यावर कंपाउंडर डबा ठेवतो, चालवणारा माणूस अजून यायचाय. "शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, याच आठवड्यात. ते सांगतील तोवर तिथेच जवळपास राहू दे. आणि तिथे हे पोट धरणं चालायचं नाही, काका. तिच्या नावानं जायचं, सोबत घरची मोठी बाई घेऊन." सून खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, या वेळी मला लपून नाही राहायचं."

बाहेर आलो. बाकावरून प्रश्न आला, "काय निघालं?" मी गॅस म्हणणार होतो, देवाशप्पथ. पण तोंडातून निघालं, "माझं पोट ठणठणीत आहे. सुनेला दिवस गेलेत, दुसरा महिना आहे, आणि मी तिला तपासायला आणलंय." गिरणीत ओरडून बोलायची सवय, रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही मान वर केली. मग तिसऱ्या अपेंडिक्सवाल्यांनी पोटावरचा हात काढला, म्हणाले, "माझंही दुखत नाही." मग पेपरवाला. मग एकेक करून सगळे. बाकापलीकडे कोपऱ्यात जमिनीवर एकटाच बसलेला एक म्हातारा तेवढा पोट धरूनच राहिला. त्याचं खरंच दुखत होतं, आणि सकाळपासून त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

घरी जाऊन तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तुझा धाक तिला माझ्याहून जास्त, तरी तिनं मुकाट्यानं पिशवी भरायला घेतली. असो. भावोजींना नमस्कार. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा धाकटा

ता. क. नियम मोडला तो मी मोडला. सुनेला आणि तुझ्या भावजयीला बोल लावू नकोस.

ता. क. तुमच्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि मोठा दवाखाना गल्ली ओलांडली की आहे, असं तू गेल्या पत्रात लिहिलं होतंस. मी ते दोनदा वाचलं. घरची मोठी बाई म्हटल्यावर मला दुसरं कुणी आठवलं नाही.

ता. क. आता नजर वर कर. पत्र जिनं आणून दिलं ती अजून दारातच उभी आहे. तू वाचून संपवेपर्यंत बोलू नकोस असं मीच तिला बजावलं होतं. पत्र एवढं लांबेल असं वाटलं नव्हतं. तिला आधी बसायला खुर्ची दे.

ता. क. ही ओळ तुमच्या जिन्याखाली लिहिली. मी तिथेच तिची पिशवी घेऊन उभा आहे. तुमची गल्ली दिसल्यापासून माझं पोट खरोखर दुखतंय, दोन्ही अंगांनी. पण तिला आणलंय, अक्का.