कार्डाचा कोपरा

॥ श्री ॥

कालिकत बंदर,
ता. १० जानेवारी १९३६

तीर्थरूप अक्का यांचे सेवेशी, निवृत्तीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आमची बोट आज सकाळी इथं थांबली. धक्का नाही, म्हणून मोठी बोट दूर पाण्यात अन् आम्ही होडीतून किनाऱ्यावर. उतरताना मी हाजीसाहेबांचं मनगट सोडलं नाही. ते हजला जाऊन आलेले, त्यांना दर्याचं काही वाटत नाही. मला हसून राह्यले. सफरवाल्या कंपनीनं एक वाटाड्या दिला आहे. तो लाल झेंडी धरून पुढं चालणार, आम्ही पंधरा जण मागं. शहर दाखवून चार वाजता परत. चारला होडी सुटली की सुटली, कोणासाठी थांबणार नाही म्हणे. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. इथलं बोलणं एक अक्षर समजत नाही.

घरात सांगावं की दशम्या अजून पुरून राह्यल्या आहेत, ठेचाही बिघडला नाही. इथून कोलंबो. एकोणीस तारखेला मंगळूरला येऊ, तिथल्या डाकघरात पत्र टाकलं तर मिळेल. आपली माया पाण्यापलीकडंही पोचू द्यावी, ही विनंती.

आपला, निवृत्ती

ता. क. चुकलोच तर दाखवायला बोटीचं नाव अन् चारची वेळ वाटाड्याकडून इंग्रजीत लिहून घेतो. दुसरा कागद नाही, म्हणून याच कार्डाचा कोरा कोपरा फाडून त्याला दिला.

---

अमडापूर,
ता. १५ जानेवारी १९३६

मेहेरबान हाजी फकीर मोहम्मद शेठ, मुक्काम मंगळूर डाकघर, यांस अंबूबाईचा नमस्कार. लिहिणार मोतीराम मास्तर. मी सांगून राह्यली तसंच लिहून राह्यला. एकोणीसले मंगळूरच्या डाकघरात पत्र भेटते हे निघताना तुम्हीच सांगतलं होतं, म्हणून तिथं धाडून राह्यली.

शेठ, मले खरं सांगा. माझा भाऊ हाये का नाही?

काल संक्रांत. डाकवाल्यानं ओट्यावर कार्ड ठेवलं, त्याच्यावर गोटा ठेवला अन् हाक न मारता निघून गेला. पाह्यलं त कोपरा फाटलेला. कोनी गेल्याचं कार्ड असंच येते, तुमाले ठाऊक हाये. थे घरात नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात.

माझी भावजय अन्नपूर्णा तीळ निवडत होती. तिनं कार्ड उचललं, पदराखाली धरलं अन् घरात गेली. मास्तर वाचाले आला त देत नाही. म्हणते, वाचलं नाही तोवर मी सवाशीण हाये. भोगीले भरलेला हिरवा चुडा हातात हाये, त्याले कोनाले हात लावू देनार नाही. गल्लीतल्या बाया रडाले आल्या, इनं दाराले कडी घातली. आज त्याच बाया वाण घेऊन आमच्या दारावरून पुढं गेल्या. इले कोनी हाक मारली नाही.

मी आधी तिच्यावर खेकसली, मग तिच्याजवळ जाऊन बसली. मलेही थे वाचू वाटत नाही.

निवृत्ती लहानपणापासून भित्रा. विहिरीत वाकून पाहत नाही तो, त्याले तुम्ही दर्यात नेलं. नांदुऱ्याच्या बाजारात बसून त्याच्या कानात सफरीचं खूळ तुम्हीच भरवलं. तार करू नका, तार पाहूनच आम्ही दोघी जागच्या जागी जाऊ. तो असन त चारी कोपऱ्याचं पाकीट टाका. नसन त काहीच टाकू नका.

तुमच्या घरच्या अजीजुन्निसाभाभीले सलाम. मी रागात हाये, तरी घरोबा तुटू देऊ नका.

अंबूबाई

(बाईंचे डोळे वाहत आहेत. हे मी माझ्या मनाने लिहिले. मो.)

---

॥ श्री ॥

मंगळूर,
ता. १९ जानेवारी १९३६

सौ. अन्नपूर्णा हीस, निवृत्तीचे अनेक आशीर्वाद.

मी आहे. हे पहिलं लिहितो, बाकी मागून. या पाकिटाचे चारी कोपरे हाजीसाहेबांनी अन् मी, दोघांनी तपासले.

घरात वडील माणूस असताना तुला पत्र लिहिणं बरं दिसत नाही, आजवर लिहिलंही नाही. अक्का रागावली तर रागावू दे. तिचं पत्र वाचून मी डाकघराच्या पायरीवरच बसलो.

कोपरा मीच फाडला. होडी चुकेल या धास्तीत आपण काय फाडून राह्यलो हे ध्यानातच आलं नाही. अन् चुकायचा तो चुकलोच. बाजारात बाया नारळाच्या काथ्याची दोरी वळत होत्या, आपल्या अंबाडीसारखीच, पण हात फार चपळ. पाहत उभा राहिलो. मान वर केली तर लाल झेंडी नाही. मराठी बोललो, हिंदी बोललो, कोणी समजेना. पागोट्यात खोचलेला तो तुकडा एका मिरीवाल्याला दाखवला. त्यानं दुकान सोडलं अन् मला किनाऱ्यावर आणलं. चार वाजून गेले होते. हाजीसाहेब गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे. नावाडी शिव्या देऊन राह्यला होता, पण यांनी हात सोडला नव्हता.

त्या तुकड्यानं मला बोटीवर आणलं, अन् तुझे असे हाल केले. तो सोबत घातला आहे. कार्डाला लावून पाहा, मग मास्तरांना वाचू दे. सव्वीसला मुंबईत उतरतो, तिथल्या मोठ्या डाकघरात पत्र आलं का पाहीन. फार लाज वाटते. आणखी काय लिहावं ते मला येत नाही.

निवृत्ती

---

अमडापूर,
ता. २३ जानेवारी १९३६

चि. निवृत्तीले, मुक्काम मुंबई मोठं डाकघर, अंबूबाईचे अनेक आशीर्वाद. लिहिणार मोतीरामच.

पाकीट पोचलं. यावेळी डाकवाला गल्लीच्या तोंडापासून हाका मारत आला. अन्नपूर्णानं आधी चारी कोपरे चाचपले, मग फोडू दिलं. आतून तुकडा पडला, तो तिनंच उचलला. पदराखालून कार्ड काढलं. नऊ दिवस अंगाशी राहून थे फडक्यावानी नरम झालं. तुकडा लावला, बरोबर बसला. मग म्हणे, वाचा आता.

मास्तरानं वाचलं. शेवटी तुही ता. क. आली. कोपरा काऊन फाडला थे त्यातच लिहेल होतं बे. अन् आम्ही दोघी नऊ दिवस त्याच कार्डाजवळ बसून होतो. मी कपाळावर हात मारला. अन्नपूर्णा हसली, अन् हसता हसता रडाले लागली. इतक्या दिवसात पह्यल्यांदाच. मी रडू दिलं. कार्ड फाडून टाक म्हटलं त देत नाही, तिच्या पेटीत ठेवलं.

तिले पत्र लिहिलं म्हणून मी रागावली नाही. तुले इतकं लिहिता येते हे मलेही ठाऊक नव्हतं. हाजीशेठले सांगजो, म्हातारी काय बोलली थे मनात ठेवू नका. त्यायनं होडी धरली, हे मी मरेपर्यंत विसरनार नाही.

आता कामाचं आइक. या दिवसात तिले कोनी कुंकू लावलं नाही. पाण्याले गेली त बाया बाजूले सरकत. रथसप्तमी आठ दिवसावर हाये, तोवर संक्रांतीचं हळदीकुंकू चालते. तिनं साऱ्या गल्लीले बोलावणं धाडलं. मी म्हटलं, ज्या दारावरून पुढं गेल्या त्यायले काऊन? म्हणते, त्यायलेच पह्यले.

म्हणून मुंबईत रेंगाळू नको. त्या दिवशी पागोटं बांधून ओट्यावर बसजो, अगदी दाराच्या तोंडाशी. काही बोलू नको. एकेक बाई तुले पाहूनच आत येईन.

माया हाये तशीच ठेवजो.

तुही अक्का,
अंबूबाई