मेव्हणीच्या पाठीमागच्या वायरी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आधी माफी. वही उघडायला फार उशीर झाला, गेल्या वर्षाचं शेवटचं पान अर्धंच आहे. चष्मा सापडत नव्हता हे एक, आणि लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं हे दुसरं. आज घडलं.

पोरीच्या मशीनच्या सगळ्या वायरी मी काढल्या.

काढल्या म्हणजे पुसायला काढल्या. पोरगी नाटक कंपनीबरोबर महिन्याभरासाठी बाहेरगावी गेलीय. तिच्या खोलीत ते लाकडी धूड आहे – मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात, विजेवर आवाज काढणारं वाद्य. पुढून नुसती बटणं आणि भोकं, आणि भोकाभोकांतून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. मी जन्मभर शिलाईकाम केलं. लोंबता दोरा दिसला की माझा हात राहत नाही. रस्त्यात अनोळखी माणसाच्या बाहीचा दोरा तोडून शिव्या खाल्ल्यात. एक वायर ओढली, पुसली. मग दुसरी. मग सगळ्या. रंगवार गुंडाळून, रबर लावून डब्यात ठेवल्या. फार छान दिसत होतं.

तेवढ्यात ही दारात. "अहो, तिनं जाताना काय सांगितलं होतं?"

"काय?"

"वायरी राहू द्या तशाच, म्हणाली होती."

 

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे जाऊन आलो. उगाच गेलो.

"काका, या यंत्राला आठवण नसते," म्हणाला. "एक डबा आवाज काढतो, दुसरा गाळतो, तिसरा दार उघडझाक करतो. वायरींनी त्यांची आपसात ओळख करून द्यायची. वायर काढली, आवाज गेला."

"परत आणता येतो?"

"कुठली वायर कुठे होती ते ठाऊक असेल तर."

"नसेल तर?"

"तर पोरीचे पाय धरा." आणि हसला. दुसऱ्याचं घर पेटलं की काहींना शेकोटी मिळते.

नाटकासाठी तिला एक आवाज हवा होता. रिकाम्या घराचा. किती महिने ती तो शोधत होती – भिंतीपलीकडून आम्ही रोज ऐकायचो. घुंऽऽ, मग थांबायचं, मग लांबून टिप्, टिप्.

खरी भीती वेगळी आहे. ती निघाली त्या सकाळी मी म्हणालो, "हे घरघरणं म्हणजे संगीत नव्हे. विकून टाक, जागा तरी होईल."  तिनं बॅगेची चेन लावली आणि गेली. आता येऊन बघेल आणि म्हणेल, बाबांनी मुद्दाम केलं. मी शपथ घेतली तरी पटणार नाही. मलाच पटलं नसतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पोरीचा फोन नाही. छातीत डावीकडे काहीतरी होतंय. ही म्हणते गॅस.

रविवार, ९ फेब्रुवारी

देव आहे! पोरगी निघायच्या आदल्या दिवशी मेव्हणी आली होती, तेव्हाचा एक फोटो हिच्या फोनमध्ये निघाला. मेव्हणी मशीनसमोर उभी, मागे सगळ्या वायरी जागच्या जागी. म्हणजे कडेच्या. मधल्या मेव्हणीच्या पाठीमागे.

आणि मेव्हणीची पाठ म्हणजे काही थोडीथोडकी नव्हे.

फोन मशीनवरच टेकवून ठेवलाय. फोटो जाईल म्हणून कोणालाही हात लावू देत नाही, हिलासुद्धा. कडेच्या वायरी लावून झाल्या. चालू केलं. पोट दुखणाऱ्या म्हशीसारखा आवाज आला. घाबरून बंद केलं, वर भिंतीतला प्लगही काढला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मेव्हणीचे कपडे तिच्या लग्नापासून मीच शिवतोय, मापं तोंडपाठ आहेत. म्हणून वर्तमानपत्राचा साचा कापला – खांदे, कंबर, सगळं – आणि फोटोत बघून टाचण्यांनी मशीनच्या लाकडी कडांवर बसवला. साच्याखाली जी भोकं झाकली, तीच आपल्याला ठाऊक नसलेली. हिशोब सरळ होता. नेमकी त्याच वेळी मेव्हणी आली. न सांगता. तिला कधी सांगून यायची सवयच नाही.

"हे काय, भाऊजी?"

"काही नाही, साचा आहे."

"कोणाचा?"

मी उरलेल्या टाचण्या मोजू लागलो. 

"एवढी रुंद कोण आहे?" मेव्हणी म्हणाली.

हिला हसू आवरेना, ती पाणी आणायला म्हणून गेली ती गेलीच. मी एकटा सापडलो. शेवटी सगळं सांगितलं. मेव्हणी रुसली. फोटोत आपण जाड दिसतो हा फोनचा दोष आहे म्हणाली. पण जाताना तिला एक आठवलं. "फोटोला उभी होते तेव्हा मानेशी एक पिवळी वायर टोचत होती. वरून खाली गेलेली." हे मोलाचं बोलली. पिवळी लावली. म्हैस थांबली!

शनिवार, १५ फेब्रुवारी

आता मोटार चालू होत नसल्यासारखा आवाज येतो. ही इस्त्री करता करता हुकूम सोडते. "असं नव्हतं. घुं झाल्यावर ती थांबायची. श्वास घेतल्यासारखी." एवढं बारीक हिनं कधी ऐकलं? मी तर नुसता भिंतीवर मूठ आपटायचो.

आणि सकाळी जमलेलं दुपारी बेसूर होतं. रेडिओवाला म्हणाला, जुना अ‍ॅनालॉग माल आहे, आधी तापू द्यावा लागतो. ही म्हणाली, "तुमच्यासारखाच. उठल्याउठल्या धड बोलत नाही."

सोमवार, १७ फेब्रुवारी

आला.

हिरवी वायर एक भोक खाली सरकवली आणि आला. घुंऽऽ. थांब. टिप्, टिप्. इस्त्री तशीच उभी करून ही येऊन पलंगावर बसली. मीही बसलो. पोरीची चप्पल पलंगाखाली होती, एक उलटी. हिनं ती सरळ केली. मग ही म्हणाली, "हेच."

हे घरघरणं नव्हतं. आता मी हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुपारी एक दाढीवाला आला. मशीन बघायला आलोय म्हणाला. रेडिओवाल्यानं पाठवला असेल म्हणून आत घेतलं, हिनं चहा टाकला. तर म्हणतो, "उद्या टेम्पो घेऊन येतो. तुमच्या मुलीशी बोलणं झालंय."

"कसलं?"

"विकतेय ना ती. तुम्हाला निरोप पाठवलाय म्हणाली."

निरोप फोनमध्येच पडून होता. आम्ही त्यात नुसती मेव्हणी बघत होतो.

पुढे तो म्हणाला, "पण तिनं तर जायच्या आदल्या रात्री जोडणी सगळी सोडवली होती. वायरी हरवू नयेत म्हणून कशाही खोचून ठेवल्यात म्हणाली. मग ही जोडणी कोणाची?"

 मी काढल्या त्या नुसत्या खोचलेल्या वायरी होत्या. आवाज तिनंच मोडला होता. पण मी विकून टाक म्हणालो ते सकाळी, आणि तिनं मोडला आदल्या रात्री...

"का विकतेय?" हिनं विचारलं.

"घरात जागा होईल म्हणाली. बाबा वर्षभर म्हणतायत."

वर्षभर. मला वाटत होतं, मी एकदाच म्हणालो.

त्याला घालवायला म्हटलं, "सकाळी बेसूर असतं."

"जुनी अशीच असतात. म्हणून तर हवं."

"घरघरतं."

"वा!" म्हणाला.

 उद्या या म्हटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

टेम्पो आला. म्हटलं, विकायचं नाही, मशीन आमच्या वापरात आहे. "रोज," ही मागून म्हणाली. टेम्पो रिकामा गेला.

मग पोरीला निरोप पाठवला. मी सांगितलं, हिनं टाईप केलं: "जागा भरपूर आहे. तुझा आवाज परत लावलाय, वायरी राहू दिल्यात तशाच. मावशीच्या पाठीमागच्या दोनचार चुकल्या असतील, त्या तू येऊन बघ. कधी येतेस ते लवकर कळव."