लसीच्या उंदरांतील जंतांची खरी मोजणी

प्रति,
मा. संचालक,
परजीवी संशोधन संस्था

विषय : तोंडावाटे लस दिलेल्या उंदरांतील जंत आपण स्वतः मोजण्याबाबत.
संदर्भ : माझी दृष्टी अधू असल्याबाबतचा विभागप्रमुखांचा मेमो.

महोदय,

मी प्राणिगृहात एकोणीस वर्षे तंत्रज्ञ आहे. जंतांवरील लस वीस उंदरांना मीच नळीने पाजली, दुसऱ्या वीस उंदरांना नुसते मिठाचे पाणी. रक्ततपासणीत लसवाल्यांची प्रतिपिंडे आठपट वाढलेली निघाली. विभागप्रमुखांनी त्याच दिवशी परिषदेसाठी नवा कोट शिवायला टाकला.

पुढे सर्व उंदरांना जंतांची लागण करून महिन्याने आतडी उघडली. लसवाल्यांत सरासरी एक्केचाळीस जंत, मीठपाण्याच्या उंदरांत त्रेचाळीस. प्रतिपिंडे वाढली हे खरे. जंतांनी त्यांना भीक घातली नाही, हेही तितकेच खरे.

विभागप्रमुख म्हणाले, "बाई, चष्मा पुसून मोजा." पुसला. एक्केचाळीसचे एक्केचाळीसच राहिले. मग मोजणी त्यांच्या जावईबापूंकडे गेली. त्यांनी चिमटा उलटा धरला, नाकाला रुमाल लावला आणि लसवाल्या वीस उंदरांत मिळून नऊ जंत शोधले. "बारीक बारीक आहेत ते धरायचे नाहीत ना?" असे मलाच विचारले. हे जंत बारीकच असतात, एवढे ज्ञान त्या घराण्यात अद्याप पोहोचलेले नाही. नऊ हा आकडा अहवालात गेला आणि मला मेमो आला. मी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नाही. अहवालावर माझी सही मागितली आहे. ती मिळणार नाही.

लसीचा पुढचा टप्पा वसतिगृहातील साठ मुलांना ती पाजण्याचा आहे. काल तिथल्या वॉर्डनबाई संमतीपत्रे घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "ताई, पोरांची पोटदुखी थांबेल ना हो?" विभागप्रमुख मधेच "शंभर टक्के!" म्हणाले. मी "नाही" म्हणाले. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिले, संमतीपत्रे पिशवीत घातली आणि निघून गेल्या. याबद्दल माझ्यावर कारवाई होणार असल्याचे समजते. अवश्य व्हावी.

चाळीस उंदरांची आतडी जंतांसह बरण्यांत जपून ठेवली आहेत. कपाटाची किल्ली सोबत देत आहे. आपण शास्त्रज्ञ असल्याचे आपल्या दारावरच्या पाटीवर लिहिले आहे. तेव्हा एक तरी बरणी उघडून स्वतः मोजावे, ही विनंती. मुलांची आतडी उघडून मोजता येत नाहीत; त्यामुळे जे मोजायचे ते इथेच, आणि खरे मोजायला हवे.

आपली, आजपावेतो नोकरीत असलेली,
तंत्रज्ञ, प्राणिगृह

दिनांक : १४ मार्च
सोबत : १) कपाटाची किल्ली २) तिन्ही मोजण्यांचे तक्ते, जावईबापूंच्या हस्ताक्षरासह