गोणपाटाखालचं कुटार

वयनी,

मी ढोराईच्या डॉक्टरले आणाले बडनेऱ्याले जाऊन राहिलो. तांबू गोठ्यात बसली हाय, तोंडातून लाळ गळून राहिली. तिले आडवी पडू देऊ नका. पाठीले पोतं लावलं हाय, ते सरकू देऊ नका. तिचा जीव वाचन का नाही, मले सांगता येत नाही.

सकाळी म्याच तिले गोणपाटाखालचं कुटार चारलं. गव्हाचं कुटार उकळून गोणपाटाखाली झाकलं अन् त्यावर पळसाच्या खोडावरची पांढरी बुरशी धरली का ते मऊ पडते, ढोरं आवडीनं खातात, हे तुमाले दहादा सांगितलं. आज वरचं पांढरं पाहून म्या खालचं काळं पाहिलंच नाही. काळी बुरशी म्हंजे जहर. उरलेलं सगळं गाडून टाका, गव्हाणीतलंई.

दादा चिडतीन. मी घासलेटच्या रिकाम्या डब्यात कुटार उकळत होतो तवाच ते हासले होते. विचारलं तर सांगा, भगवंताची चुकी हाय. तेवढंच सांगा.

गोणपाटावर शेणसड्याचे शिंतोडे हायेत. अंगणात सडा टाकता टाकता तुमी त्या ढिगावरई टाकला असन, चांगल्याच मनानं. उकळलेल्या कुटाराले शेण लागलं का काळी बुरशी धरते, हे म्या तुमाले कधी सांगितलंच नोतं.

तांबू तुमच्या मायेरची. लग्नात मोर्शीवरून तुमच्या बैलबंडीमागं चालत आली, हे मी इसरलो नाही.

चिठ्ठी चुलीत टाका. अन् दादा वावरातून यायच्या आंधी गोणपाट धुऊन ठेवा.

भगवंत