नुसते हात तर हलवायचे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल? धाकटी जाऊ! जन्मात कधी वेळेवर पोचली नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा उशिरा आली होती, मी होते ना तिथे, सगळे ताटकळलेले! आणि आज मी जिना चढून वर जाते तर ही बेकरीच्या वरच्या खोलीत आधीच येऊन बसलेली. पहिल्या ओळीत. मधोमध. पर्स मांडीवर. मला कळत नाही होय कशाला ते! मास्तर गेले, आता आमच्या गाण्याच्या गटापुढे कोण उभं राहणार, हे बघायला आली.

मास्तरांचे गुडघे गेले म्हणून ते मुलाकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, "आपसांत ठरवा." ठरवा म्हणे! आम्हाला चहात साखर किती घालायची ते आपसांत ठरवता येत नाही.

बेकरीवाली म्हणाली, खोली माझी आहे पण मला नका सांगू, माझं खाली भट्टीकडे लक्ष असतं. नर्सबाई घड्याळ बघत म्हणाली, "आजींना उभं करा. तशाही त्या सगळ्यांवर ओरडतच असतात." शिंपी खिदळला. टपालवाले म्हणाले, "माझी हरकत नाही." ते रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण बोलतात अजून सही घेतल्यासारखं.

जाऊचं तोंड बघण्यासारखं झालं. "ताई? पण ताईंना गाण्यातलं काय कळतं?"

म्हटलं, तुला तरी काय कळतं? नुसते हात तर हलवायचे!

झालं. मीच! उतरताना जिना कधी संपला कळलंसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कपाटाच्या आरशापुढे उभी राहून हात हलवून पाहिले. हातात डाव घेतला होता, मास्तर काडी घ्यायचे तसा. नात आली. "आजी, माश्या मारतेयस?"

हसू दे. मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण ह्याच हातांनी चार पोरं वाढवली. एक हात वर केला की चौघं गप्प व्हायची. बारा मोठ्या माणसांचं ते काय घेऊन बसलात!

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोरं बरी.

मी हात वर केला — कुणी गाईना. हात खाली केला — तिघं सुरू, बाकीचे एकमेकांकडे बघताहेत. शिंपी तर मान वर करील तर शपथ. गाण्याच्या कागदात असा घुसलेला की जणू त्याला कागदाची बाही शिवायची आहे. म्हटलं, अहो, इकडे बघा! तर सगळे बघायला लागले आणि गायचं विसरले. मग माझ्या नाकाला खाज सुटली. नाक खाजवलं तर टपालवाले सुरू! एकटेच! जाड आवाजात, डोळे मिटून, सबंध कडवं! थांबवायचं कसं तेही मला येत नव्हतं. शेवटी हात धरला त्यांचा.

गाणं नदीचं आहे. पाणी चाललं, पाणी थांबेना, असं. चार कडवी. आमची नदी पहिल्या वळणावरच अडली.

पण एक गोष्ट सापडली, कुणी शिकवली नाही. हात हलवायच्या आधी आपण मोठ्ठा श्वास घ्यायचा. आपण घेतला की तेही घेतात. जांभईसारखंच असतं ते! आणि श्वास एकदम घेतला की सूरही एकदम निघतो. असे निघाले सगळे की बेकरीवालीच्या हातून कपबशी निसटली. माझ्याच अंगावर काटा आला.

जाऊ म्हणाली, "योगायोग."

११ फेब्रुवारी, मंगळवार

बातमी! गावात ते नवं सभागृह झालंय ना, बाहेरून बिस्किटाच्या डब्यासारखं दिसतं ते, तिथले दोघं जण येत्या वीस तारखेला आमचं गाणं ऐकायला येणार. बेकरीवालीला फोन आला होता. आवडलं तर उद्घाटनाला आम्ही तिथे गायचं! नाही आवडलं तर — ते म्हणाले — "आमच्याकडची एक शिकलेली बाई पाठवू, ती बसवून घेईल तुमचा गट."

शिकलेली बाई! आणि मी? मी परत मागच्या ओळीत, टपालवाल्यांच्या खांद्याआड? इतकी वर्षं त्या खांद्याची शिवण बघत गायले मी. समोरून सगळ्यांची तोंडं बघायची मजा आत्ता कुठे कळलीय. नाही जायची मी मागे.

आता खोड कुठे आहे ते लिहिते. टपालवाले सुरुवातीला माउथ ऑर्गनवर एक सूर देतात. तो धरून आम्ही निघतो. गाणं संपल्यावर त्यांनी आज तोच सूर परत वाजवून पाहिला, तर आम्ही कुठे आणि तो कुठे! जिना उतरल्यासारखे आम्ही हळूहळू खाली आलेलो. बेकरीवाली म्हणते, "चौथ्या कडव्याला माझा आवाज तळघरात जातो." टपालवाले म्हणाले, "बाजा जुना झालाय माझा." म्हटलं, बदला मग!

पण बाजाचं काही नाही. मला माहीत आहे कुणाचं आहे ते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

करून टाकलं. जाऊला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हे बघ, तुझा आवाज वर जातो. सगळ्यांपेक्षा वेगळा. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवल्यासारखा. तू नुसतं तोंड हलव. आवाज नको."

ती म्हणाली, "ताई, मी तर टपालवाल्यांच्या सुरावरच असते."

"ते सगळे एकीकडे आणि तू एकीकडे. मग चुकतंय कोण?"

आणि खरंच नुसतं तोंड हलवत राहिली, काचेच्या टाकीतल्या माशासारखी. मला हसू आवरेना. पहिल्या ओळीत मधोमध बसायला हवं होतं ना? बस आता!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊ वरच्याच मजल्यावर राहते, रोज चार वाजता चहाला खाली येते. आज आली नाही. न येऊ दे. साखर वाचली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काय माणसं आहेत! देवाने गळे दिले ते नुसते घास गिळायला.

आता जास्तच घसरतात. आधी जिना उतरायचे, आता घसरगुंडीच. तिसऱ्या कडव्यालाच बेकरीवाली तळघरात. नर्सबाई गाताना दवाखान्यातल्या पुढच्या पाळीचा विचार करते, चेहऱ्यावर दिसतं. शिंप्याने टाचण्या तोंडात धरून धरून आवाजच टाचणीएवढा करून घेतलाय. त्याला विचारलं, दिवसभर तोंडात टाचण्या कशा हो धरवतात? म्हणाला, "आजी, म्हणून तर माझं गिऱ्हाइकांशी कधी भांडण होत नाही." ह्याला विनोद सुचतात, सूर सुचत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मी तर जीव तोडून हात हलवते. खांदे भरून आलेत. घसाही दुखतो, ओरडून ओरडून असेल.

नात मला न्यायला आली होती, जिन्यात उभी राहून ऐकत होती. विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "मला तर तुझाच आवाज येत होता आजी." गुणाची पोर! तिला तरी कदर आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आले. एक उंच गृहस्थ, सर्दीने बेजार, नाकाला रुमाल. आणि एक केस बारीक कापलेली पोरगी, माझ्या नातीहून फार मोठी नसेल. मला वाटलं गृहस्थ साहेब आणि ही त्यांची छत्री धरायला. उलटंच निघालं. ती बसली ती डोळे मिटून. म्हटलं झोपली.

आम्ही गायलो. निघालो छान, एका श्वासात. आणि मग घसरलो, रोजच्यासारखे.

पोरीने डोळे उघडले. म्हणाली, "सुरुवात किती सुंदर करता तुम्ही! आता परत एकदा. फक्त आजी, ह्या वेळी तुम्ही गाऊ नका."

म्हटलं, "मी कुठे गाते? मी हात हलवते."

खोलीत असं हसू फुटलं म्हणून सांगू! नर्सबाईने घड्याळ सोडून माझ्याकडे बघितलं. शिंपी म्हणाला, "आजी, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाता तुम्ही." टपालवाले खाली बघत म्हणाले, "आम्ही तुमच्याच मागून येतो. तुम्ही जाल तिकडे."

मला ठाऊकच नव्हतं! देवाशपथ! तोंड उघडं असतं हे ठाऊक होतं, पण ते चालू असतं हे नाही. आणि ह्यांच्यातल्या एकाने, एकाने तरी सांगावं की नाही?

मग ती पोरगी जाऊपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्ही ओठ हलवता, आवाज का नाही?"

आता ही सांगणार. आणि का नाही सांगणार? मी असते तर पहिलं तेच केलं असतं, दोन्ही हात वर करून!

जाऊ म्हणाली, "घसा बसलाय माझा."

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा गायलो, मी ओठ दाबून. पहिल्या कडव्यापर्यंत दाबले. दुसऱ्याला ते आपोआप उघडले, आणि सगळे आले माझ्यामागून खाली, मेंढरं कुठली! गृहस्थ शिंकले. पोरगी म्हणाली, "आज नाही सांगत काही. पुन्हा येऊ. हात चांगला आहे आजी तुमचा. नुसता हातच ठेवा."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चहाला जाऊ आली नाही. तिचा कप धुऊन ठेवला होता, तो परत धुतला.

उपकार करते काय माझ्यावर! घसा बसलाय म्हणे. राग आला की नीट झोपसुद्धा लागत नाही मला.

शिंप्याने दुकानातून हाक मारून एक बटण हातात ठेवलं. कोटाचं, मोठं. "दातांत धरा," म्हणाला. "टाचणी तुम्हाला झेपणार नाही."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यांच्या आधी मी गेले, जाऊची खुर्ची मधोमध ओढून ठेवली. ती आली तशी म्हटलं, "आवाज काढ आज." म्हणाली, "घसा बसलाय ना ताई." म्हटलं, "बसला असेल तर उठव!" तिचे ओठ हलले, हसली की काय कोण जाणे. मग मी बटण दातांत धरलं, नाकाने मोठ्ठा श्वास घेतला आणि हात खाली आणला.

मी ह्यांना ह्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. एकदाही नाही. शिंपी गातो! नर्सबाई किती हळुवार गाते! आणि मधोमध ती, ती किल्ली — भिंतीत खिळा ठोकावा आणि सगळ्यांनी आपापले कोट त्याला अडकवावेत, तसे सगळे तिला धरून होते. चौथं कडवं संपलं. टपालवाल्यांनी बाजावर सूर वाजवला. तोच! कुणीच काही बोललं नाही. माझ्या तोंडात बटण होतं, म्हणून मीही नाही.

जाऊला सांगणार नाही. शेफारेल. चहाला मात्र आली आज, दोन चमचे साखर घातली तिला.

सभागृहाचे पाहुणे गुरुवारी पुन्हा येतो म्हणालेत.